माझा ४१ सेंटिमीटरचा मासा

दोस्तांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी गळ टाकून मासा धरलाय? कोकणातल्या मुलांचे हात लगेच वर झाले असतील! तिकडे गळाला ‘गरी’ म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला ‘गरवणं’. पण जळगाव-धुळ्याच्या मुलांचं काय? आमच्या खानदेशात समुद्र नाही. भरती-ओहोटी आम्ही भूगोलाच्या पुस्तकातच बघितलेली. पण आमच्याकडे तापी आहे. मध्य प्रदेशात मुलताईजवळ ती उगम पावते, आमच्या उशापायथ्याशी वाहत वाहत ७२४ किलोमीटर चालते आणि सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. म्हणजे समुद्र आमच्याकडे आला नाही, तरी आमचं पाणी रोज समुद्राकडे जातं, बरं का!

त्या तापीच्या काठावर आम्ही पोरांनी एकदा चक्क समुद्रावरच्यासारखी गळाची स्पर्धा भरवली होती. त्या स्पर्धेत मी पहिली आले. आणि त्याच रात्री पहिली राहिले नाही. ते कसं, हेच तुम्हाला सांगायचं आहे.

गोष्ट १९८७ च्या डिसेंबरातली. मी सातवीत होते. आम्ही धुळ्याला राहायचो आणि नाताळच्या सुट्टीत आजोळी जायचो. आजोळ शिंदखेडा तालुक्यात, तापीच्या काठावर. आमच्या धुळ्यातून वाहणारी पांझरासुद्धा मुडावदजवळ तापीलाच मिळते. त्यामुळे आजोळी नदीवर गेलं की मला वाटायचं, यातलं थोडं पाणी आपल्या घरावरूनच आलेलं आहे.

त्या वर्षी धाकटा मामा रजेवर आला होता. मामा मालवाहू जहाजावर नोकरीला. खानदेशातला माणूस आणि जहाजावर! सगळ्या गावाला त्याचं कौतुक. रात्री अंगणात शेकोटी पेटली की आम्ही चार भावंडं त्याच्याभोवती जमायचो. मी, आणि माझे तीन मामेभाऊ: मोठा दादा, मधला आणि धाकटा.

एका रात्री मामाने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर बघितलेली एक गंमत सांगितली. डिसेंबरचा महिना, हाडं गोठवणारा वारा, आणि त्या वाऱ्यात पन्नासेक माणसं किनाऱ्यावर एका रांगेत उभी! प्रत्येकाच्या हातात दोन माणसांच्या उंचीएवढी लांब काठी. तिथे मासे धरणाऱ्या हौशी लोकांचे क्लब असतात आणि त्यांच्या आपसात मैत्रीच्या स्पर्धा होतात. आधी चिठ्ठ्या टाकून कोण कुठे उभं राहणार ते ठरतं, म्हणजे चांगल्या जागेवरून भांडण नको. ओहोटीच्या वेळी वाळू खणून काढलेले किडे गळाला लावतात. शिशाच्या वजनाला तारेचे पाय असतात, ते वाळूत रुततात, म्हणून लाटांनी गळ वाहून जात नाही. थंडीत तिथे कॉड, व्हायटिंग असे मासे किनाऱ्याजवळ येतात.

“मग ते मासे घरी नेतात?” धाकट्याने विचारलं.

“काहीजण नेतात. पण त्या स्पर्धेत मासा पट्टीने मोजायचा, वहीत लिहायचं आणि लगेच पाण्यात सोडून द्यायचा, असा नियम होता. शेवटी सगळ्यांनी मिळून गरम चहा प्यायचा. बक्षीस तसं साधंच असतं.”

“आपण करू या!” आम्ही चौघंही ओरडलो.

“आपण तिघं,” मोठा दादा म्हणाला. “मुली गळ टाकत नसतात.”

माझा चेहरा बघून मामा हसला. म्हणाला, “माशाला काय कळतं, काठी कोणाच्या हातात आहे ते? चौघंही खेळा.” आणि त्याने आपल्या बॅगेतून बक्षीस काढून दाखवलं. हाताच्या पंजाएवढी, पिवळ्या रंगाची, पाण्यात पडली तरी न बिघडणारी बॅटरी! आमच्या आजोळी तेव्हा रात्री हमखास लाइट जायचे. माझे भाऊ आबांबरोबर रात्री गव्हाला पाणी द्यायला शेतात जायचे, मला मात्र कोणी नेत नसे. मला वाटलं, ही बॅटरी माझी झाली तर बॅटरीबरोबर मलाही न्यावंच लागेल. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी तयारीला लागलो. काठ्या बांबूच्या. गळ आणि नायलॉनचा तंगूस दोंडाईच्याच्या बाजारातून आणला. समुद्रावर काठीच्या शेंड्याकडे बघत बसतात. आम्ही तंगुसाला ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचा तुकडा बांधला. आतून भेंडासारखं हलकं असतं ते, छान तरंगतं. ते बुडालं की समजायचं, खाली कोणीतरी आलंय! कणकेत भाजलेल्या डाळ्याचं पीठ आणि चिमूटभर हळद मळून गोळ्या केल्या.

पण नदी आमची एकट्याची थोडीच होती? तिथल्या डोहात भोईवाड्यातली माणसं जाळी लावायची. त्यांचं पोट त्यावर चालायचं. मामा म्हणाला, आधी त्यांना विचारून येऊ. त्यांच्यातला एक मुलगा आमच्याच वयाचा होता. आता तो मोठा कर्ता माणूस आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, आपण त्याला ‘नावाडी’ म्हणू. नावाड्याचे वडील म्हणाले, “खुशाल खेळा. डोहाच्या वरच्या अंगाला आमची जाळी आहेत, तेवढं सोडून बसा. आणि पोरांना खोल पाण्याकडे जाऊ देऊ नका.”

नावाडी मात्र आमचे नियम ऐकून चक्रावला. अहिराणीत म्हणाला, “धरानं आनि सोडानं? मंग धरतस कसाले?” म्हणजे, धरायचा आणि सोडायचा, तर मग धरता कशाला?

आम्ही हसलो. पण खरं सांगते, या प्रश्नाला आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आलं नाही. मामालाही नाही. आम्हाला जी गंमत वाटत होती, ती त्याच्या घरची रात्रीची भाजी होती. आणि आणखी एक लबाडी सांगून टाकते. नावाड्याला आम्ही स्पर्धेत घेतलंच नाही. ‘त्याला सकाळी जाळी काढायची असतात’ असं आम्ही म्हणालो. ते खरं होतं. पण तो खेळला असता तर तोच जिंकला असता, हेही आम्हाला पक्कं माहीत होतं.

मामाने वहीत नियम लिहिले. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवायच्या. एकाला एकच काठी, एकच गळ. मासा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचा. तोच मासा दोनदा धरला गेला तर कळावं म्हणून त्याची काहीतरी खूण लिहायची. आणि शेवटचा नियम: मासा पोहत परत गेला तरच तो धरायचा. मेला, तर खोडायचा.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे नदीवर पोचलो तर पाण्यावरून वाफ निघत होती. बोटं इतकी गारठली होती की गळाला गोळीसुद्धा लावता येईना. चिठ्ठीत मला एका मोठ्या काळ्या खडकाशेजारची जागा मिळाली. सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. चौघांचीही धांड्याची कांडं पाण्यावर स्तब्ध. मधला पाय आपटत आपटत गाणं म्हणायला लागला. दादा म्हणाला, नदीत मासेच नाहीत.

मासे होते हो! पण थंडीत माशांचं वागणं वेगळं असतं. आपलं शरीर बाहेर कितीही थंडी असली तरी आतून गरम राहतं. माशाचं तसं नाही. पाणी जेवढं थंड, जवळजवळ तेवढंच त्याचं अंग थंड. अंग थंड झालं की हालचाल मंदावते, खाल्लेलं पचायला वेळ लागतो, म्हणून भूकही कमी होते. रात्री काठाजवळचं उथळ पाणी लवकर गार होतं, तेव्हा मासे खोल डोहात जाऊन बसतात. दुपारी ऊन पडलं की तेच उथळ पाणी आधी कोमट होतं, आणि मग मासे हळूहळू काठाकडे सरकतात. उन्हाळ्यात पहाटे उठणाऱ्याला मासा मिळतो, हिवाळ्यात दुपारपर्यंत धीर धरणाऱ्याला! आणखी एक. माशाच्या दोन्ही बाजूंना अंगावर एक बारीक रेघ असते, तिने त्याला पाण्यातली थरथर कळते. मधला काठावर पाय आपटत होता, तेव्हा तो माशांना ‘आम्ही इथे आहोत’ असंच सांगत होता.

हे सगळं आम्हाला कोणी सांगितलं? नावाड्याने. जाळी काढून तो येऊन बसला होता. त्याला रक्ताचं तापमान वगैरे माहीत नव्हतं, पण “सूर्य डोक्यावर येऊ द्या, तोवर जेवून घ्या” एवढं मात्र त्याने बरोबर सांगितलं.

जेवण म्हणजे काय, हे खानदेशातल्या मुलांना सांगायला नकोच! हिवाळा, नदीकाठ आणि भरीत. आबांनी पऱ्हाट्यांचा जाळ करून हिरवी, लांबट वांगी भाजली होती. हिरव्या मिरच्या, लसूण घालून ठेचलेलं भरीत, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. इंग्लंडचा चहा त्यापुढे काय हो!

बारा वाजता पुन्हा गळ टाकले आणि खरंच, नदी जागी झाली. धाकट्याचं कांडं पहिल्यांदा बुडालं. २७ सेंटिमीटरचा मासा! दादाला १९ चा मिळाला. मधल्याला काहीच नाही. तो आता पाय आपटत नव्हता, पण फार उशीर झाला होता.

आणि मग माझं कांडं हललं. एकदा, दोनदा, आणि सर्रकन दिसेनासं झालं. मी काठी उचलली, तर काठी कमानीसारखी वाकली. “ओढू नको! चालू दे त्याला!” नावाडी ओरडला. मासा डावीकडे गेला की मीही डावीकडे, उजवीकडे गेला की मीही उजवीकडे. किती वेळ गेला कोणास ठाऊक. शेवटी तो दमून काठाशी आला. जाड ओठांचा, तांबूस पंखांचा रोहू! उन्हात त्याचे खवले नव्या पैशांसारखे चमकत होते.

मामाने पट्टी लावली. ४१ सेंटिमीटर! भुसावळकडे तापीवर हतनूर धरण आहे, त्याला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की आमच्या आजोळी नदी फुगते, म्हणून तो आकडा गावात लहान पोरांनाही पाठ. “जेवढे दरवाजे तेवढे सेंटिमीटर!” मी नाचायलाच लागले. मामाने वहीत खूण लिहिली: ‘शेपटीचा वरचा कोपरा फाटका.’

“चल, सोड आता,” मामा म्हणाला आणि धाकट्याच्या गळाचा गुंता सोडवायला गेला.

पण मी लगेच कुठे सोडते! आधी मी तो दादाच्या नाकासमोर धरला. “मुली गळ टाकत नसतात ना?” मग मधल्याला दाखवला. मग पळत पळत वर शेकोटीजवळ बसलेल्या आबांना दाखवून आले. मासा हातातून निसटत होता म्हणून हात कोरड्या वाळूत घासून मी तो घट्ट धरला. मध्येच एकदा खालीही पडला. उचलला, आणि खडकाच्या मागे नेऊन पाण्यात सोडला.

तो पोहला नाही. एका कुशीवर कलला. मग उलटा झाला, पांढरं पोट वर. मी त्याला पाण्यात ढकललं, तो परत तसाच वर आला. मासा डोळे मिटू शकत नाही, त्याला पापण्याच नसतात. त्याचा तो उघडा डोळा माझ्याकडे बघतोय असं मला वाटलं.

“गेला का गं?” पलीकडून मामाने हाक मारली.

खडकाआड मला कोणी बघत नव्हतं. मी म्हणाले, “गेला! पोहत गेला!”

मान वळवली तर खालच्या अंगाला, पाण्यात गुडघाभर उभा राहून नावाडी जाळं धूत होता. त्याने सगळं बघितलं होतं. तो काहीच बोलला नाही. जाळं धूत राहिला.

चार वाजता स्पर्धा संपली. पिवळी बॅटरी मला मिळाली. दादानेसुद्धा टाळ्या वाजवल्या. मी घरभर बॅटरी लावत फिरले, पण का कोण जाणे, तिचा उजेड मला नीट आवडेना.

दिवेलागणीला दारात नावाडी उभा. हातात पळसाच्या पानांत गुंडाळलेलं काहीतरी. ते त्याने माझ्यापुढे धरलं. म्हणाला, “हाऊ तुना मासा.” हा तुझा मासा.

दोस्तांनो, तो चुगली करायला आला नव्हता, हे नीट लक्षात घ्या. त्याच्या घरचा कायदा साधा होता. ज्याने धरला त्याचा मासा, आणि धरलेला मासा वाया घालवायचा नाही. मी तो विसरून आले, कावळे-कुत्रे खाऊन टाकतील, म्हणून तो बिचारा एवढ्या थंडीत आणून द्यायला आला होता.

मामाने पान उलगडलं. शेपटीचा वरचा कोपरा फाटका. मामा मासा बघत राहिला, माझ्याकडे त्याने बघितलंच नाही.

धाकटा माझी बाजू घेऊन म्हणाला, “अहो, सोडल्यावर नंतर मेला असेल. त्यात ताईची काय चूक?”

किती सोपं होतं! फक्त मान हलवायची होती. नावाडी बोलला नसता, हे मला कळत होतं. तो दुपारीही बोलला नव्हता. पण तो तिथे उभा होता, गारठलेला, ओल्या चड्डीतच, माझा मासा मला देऊन. त्याच्यासमोर दुसऱ्यांदा खोटं बोलणं मला जमेना.

“नंतर नाही मेला,” मी म्हणाले. “माझ्यासमोरच उलटा झाला. मी खोटं सांगितलं.”

कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, मामा रागावेल. त्याने खिशातून वही काढली, ४१ वर एक सरळ रेघ मारली आणि एवढंच विचारलं, “किती वेळ पाण्याबाहेर होता गं तो?”

मी मनात मोजलं. दादा, मधला, आबा, येताना पडला ते... “खूप वेळ,” मी म्हणाले. आणि तेव्हा कुठे मला रडू आलं. बॅटरी गेली म्हणूनही आलं, नाही असं नाही. पण सगळं त्यासाठीच नव्हतं.

बॅटरी धाकट्याला मिळाली. मासा आजीने अंगणातल्या चुलीवर काळ्या मसाल्याच्या रश्शात शिजवला. अर्धा रस्सा तिने डब्यात भरून भोईवाड्यात पाठवला. मी मासा खाल्ला का? खाल्ला. चवदार होता. नावाड्याचं म्हणणं मला पटलं होतं: मेलाच आहे, तर निदान वाया जाऊ नये.

पण खरं शिक्षण दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. मी गळ घेऊन एकटीच नावाड्याकडे गेले आणि म्हणाले, “मासा सोडायचा कसा, ते मला शिकव.”

तो जोरात हसला. सोडायला काय शिकायचं! पण मग तो गंभीर झाला, कारण ते त्याला खरोखरच येत होतं. त्यांच्या जाळ्याचे डोळे मुद्दाम मोठे असायचे, लहान मासे आपोआप निसटून जावेत म्हणून. तरी एखादं पिल्लू अडकलं तर त्याचे वडील ते सोडून द्यायला लावायचे. “लहान आज खाल्ला तर मोठा उद्या कुठून येईल?” असं ते म्हणायचे. रोहूची अंडी पावसाळ्यात, वाहत्या पुराच्या पाण्यात होतात. एका चांगल्या वाढलेल्या मादीच्या पोटात लाखांवर अंडी असतात. म्हणजे धरणारा आणि सोडणारा, हे दोघं वेगळे नव्हतेच. नावाड्याच्या घरी दोन्ही कामं चालायची. फक्त कोणता धरायचा आणि कोणता सोडायचा, हे ते विचार करून ठरवायचे. आमच्यासारखं टाळ्यांसाठी नाही.

“पहिले हात वल्ला कर,” तो म्हणाला. आधी हात ओला कर. माशाच्या अंगावर एक बुळबुळीत लेप असतो. आपल्याला तो घाण वाटतो, पण तेच त्याचं चिलखत! त्यामुळे पाण्यातले रोगजंतू अंगाला लागत नाहीत. मी कोरड्या, वाळू लागलेल्या हातांनी ते चिलखतच पुसून टाकलं होतं. कल्ल्यांत बोट घालायचं नाही. माशाचे कल्ले म्हणजे लाल, नाजूक झालरी. पाण्यात त्या पिसासारख्या मोकळ्या असतात, म्हणून त्याला श्वास घेता येतो. हवेत आल्या की ओल्या केसांसारख्या एकमेकींना चिकटतात आणि तो गुदमरतो. तुम्ही स्वतः श्वास रोखून धरा. तुम्हाला जेव्हा नकोसं होईल, तेव्हा माशालाही नकोसं झालेलं असतं.

त्या दिवशी एक वीतभर मासा मिळाला. मी हात ओले केले, पाण्यातच त्याला दोन्ही हातांत आडवा धरला, तोंड प्रवाहाकडे. ढकलला नाही. नुसती थांबले. कल्ले उघडमीट करायला लागले. मग माझ्या तळव्याला त्याच्या शेपटीची एक थाप बसली, मग दुसरी, आणि हात रिकामे! पाण्यात एक सावली डोहाकडे सरकली. ते कोणी मोजलं नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण तो क्षण मला ४१ सेंटिमीटरपेक्षाही जास्त आठवतो.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा स्पर्धा भरवली. या वेळी नावाड्याला घेतलं. अर्थात, सगळी बक्षिसं त्यानेच नेली! आणि हो, त्या सुट्टीत मी आबांबरोबर रात्री शेतात गव्हाला पाणी द्यायलाही गेले. त्यासाठी बॅटरी जिंकावी लागत नव्हती, नुसतं “मला न्या” असं विचारावं लागत होतं. धाकटा पुढे बॅटरी घेऊन चालत होता.

आता तिकडची तापी खूप बदलली आहे. सुलवाडे आणि सारंगखेडा इथे नदीवर बॅरेज झाले. आम्ही जिथे वाळूवर भरीत खाल्लं, तसल्या जागी आता हिवाळ्यातही पाणी उभं असतं. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार मात्र अजून भरतो. कधी त्या यात्रेला गेलात, तर दोन मिनिटं नदीकडेही बघून या.

तुमच्यापैकी कोणाला गळ टाकून बघावासा वाटला, तर दोन गोष्टी ऐका. पाण्यावर कधीही एकट्याने जाऊ नका. घरचं मोठं माणूस आणि तिथली नदी ओळखणारं माणूस, दोघंही बरोबर हवेत. वरच्या धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता वाढते. आणि धरणात-तलावात मासे धरण्याचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. तेव्हा आधी त्यांना विचारा. तुमचा खेळ तो त्यांचा संसार असतो.

मामाची ती वही आता माझ्याकडे आहे. पानं पिवळी पडलीत. ‘४१ सेंटिमीटर, शेपटीचा वरचा कोपरा फाटका’ ही ओळ आणि तिच्यावरची रेघ अजून स्पष्ट दिसते. माझी मुलं लहान असताना विचारायची, “आई, तू हरलीस तेव्हा वाईट वाटलं का गं?”

वाटलं होतं. पण ती रेघ मामाने मारली असली, तरी मारायला मी सांगितली होती. म्हणून ती वही मी जपून ठेवली आहे.